गणपततात्यांनी न लिहिलेला फळा

गणपततात्यांनी माझ्या भावाचं नाव फळ्यावर लिहिलं नाही. मामांनी त्यांना समजावलं, मग आवाज चढवला, शेवटी भर चौकात हात जोडले. तरी लिहिलं नाही. त्यांचे माझ्यावरचे सगळे उपकार या एका न लिहिण्यात आहेत, म्हणून तेवढं आधी सांगून टाकतो. काय घडलं ते मग.

मार्च आला की मला हे सगळं आठवतं. मी राहतो ती मस्कतची गल्ली विजेच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्यांची आहे. दिवसभर एसीचे कॉम्प्रेसर उघडायचे, जळालेली तार उचकटायची, नवी भरायची. वरच्या मजल्यावर सांगलीकडचं एक कुटुंब राहतं. त्यांच्या मुलीची यंदा बोर्डाची परीक्षा. परवा तिचे वडील जिना उतरून आले आणि संकोचत म्हणाले, "जरा ग्राइंडर दुपारनंतर लावाल का? पोरीचं लक्ष लागत नाही." सगळ्यांनी हातातलं ठेवलं. गल्ली गप्प झाली आणि वरून तिचं पाठांतर ऐकू यायला लागलं, तीच ओळ पुन्हा पुन्हा. शांत झालं की लोकांना बरं वाटतं. मला नाही वाटत. मला वाटतं, आता कुणीतरी येणार आणि काहीतरी सांगणार.

शिवाजी पेठेतला मार्चही असाच गप्प होऊन यायचा. तालमीचे कर्णे बंद. गल्लीत घराआड एक दहावी-बारावीवाला, त्यामुळे भांडणंसुद्धा दबक्या आवाजात चालायची, आणि दबक्या आवाजात भांडणारी कोल्हापूरची माणसं बघणं हा एक वेगळाच खेळ होता. फुटबॉलचा सीझन भरात असायचा. जिंकून आलेली पोरं कोपऱ्यापर्यंत ओरडत यायची आणि चौकात शिरली की आपोआप कुजबुजायला लागायची. संध्याकाळी भिंतींतून ऊन बाहेर पडत असायचं. उसाचा हंगाम संपत आलेला, तरी बाजाराच्या बाजूनं वारं आलं की त्याच्यात गुळाचा वास असायचा.

मी मूळचा मुरगूडचा. मला शिकायला कोल्हापुरात आणलं ते दादानं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ दिलीप. तो उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर होता. पेठेत एका दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. घरात एक स्टोव्ह, एक कॉट, माझी पुस्तकं आणि दादाचा टेपरेकॉर्डर. त्या टेपरेकॉर्डरमध्ये आबा राहायचे.

आबा म्हणजे एक विलायती गिटारवाला. त्यांचं खरं नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मुबारकभाईंच्या कॅसेटच्या दुकानात दुसऱ्या कॅसेटवरून भरून घेतलेली ती कॅसेट होती. तिच्यावर मुबारकभाईंच्या हातचं फक्त 'इंग्लिश, केसवाला' एवढंच लिहिलेलं. पुढं रद्दीत एका परदेशी मासिकाचं पान सापडलं. त्याच्यावर लांब केसांचा, डोळे मिटलेला एक माणूस मांडीवर गिटार ओढून बसलेला होता. मुबारकभाई छातीवर हात ठेवून म्हणाले, "हाच तो." दादानं ते पान भिंतीवर जोतिबाच्या तसबिरीशेजारी चिकटवलं आणि त्याला आबा म्हणायला सुरुवात केली. एवढ्या मोठ्या माणसाला नुसतं नावानं कसं हाक मारायची, असा त्याचा विचार होता.

गाण्यातला एक शब्द आम्हाला कळत नसे. दादा म्हणायचा, शब्द बाकीच्या बँडवाल्यांचे, आबांचं बोलणं तारेतनं. कामावरून आल्यावर तो हात धुवायच्या आधी बटण दाबायचा. त्याच्या बोटांचं काळं तेल त्या बटणावर कायम बसलेलं असे. एकदा मी विचारलं, तुला यात नेमकं काय आवडतं?  तो म्हणाला, "लेथवर टूल पयल्यांदा लोखंडाला लागतंय न्हवं, तवा एक वरडनं निघतंय. आमी तेल वतून ते दाबतो. ह्या मानसानं ते दाबलं न्हाय." मला त्या वेळी ते कळलं नव्हतं. आता दिवसभर ग्राइंडरशेजारी बसतो, तेव्हा थोडंथोडं कळतं.

तात्यांनाही आबांचं वेड होतं. चौकात त्यांचं सायकलचं दुकान. डोक्याला टोपी, अंगात बंडी, हाताला सोल्युशनचा वास. त्यांचं मत एवढंच की आबा फॉरवर्डला खेळतोय. "बघ, बघ, आता दोघांस्नी चकवला... आता डावीकडनं आला... आन हे हानला!" असं म्हणत ते पंक्चरच्या टबातल्या पाण्यावर थाप मारायचे. गिटारचा तुकडा संपला की टबातलं पाणी निम्मं झालेलं असायचं. दादा, मुबारकभाई, तात्या आणि मी. हळूहळू आणखी दोनचार पोरं आली. तालमीतले पैलवान आम्हाला 'आबाची वरात' म्हणून चिडवायचे.

चौकात तालमीच्या भिंतीला एक काळा फळा होता. फुटबॉलचे निकाल, पाणी कधी येणार, कुणाचा सत्कार, आणि कुणी गेलं तर त्याची श्रद्धांजली, सगळं त्याच्यावर. तो लिहायचा मान तात्यांचा. अक्षर असं की जिवंत माणसाला वाटावं, आपलंही नाव एकदा याच हातानं लिहिलं जावं. पेठेत एखादा माणूस गेला हे डॉक्टरनं सांगून खरं व्हायचं नाही. तात्यांनी फळ्यावर लिहिलं की मग ते खरं व्हायचं.

माझ्या दहावीच्या वर्षी, परीक्षा तोंडावर आलेली असताना, मुबारकभाई पडेल चेहऱ्यानं चौकात आले. म्हणाले, "आबा गेले." कॅसेटचा माल देणाऱ्या माणसानं त्यांना सांगितलं होतं. त्याला कुणी सांगितलं, ते कुणी विचारलं नाही. दुःख खरं होतं, त्यामुळे बातमीही खरीच असणार असं आम्हाला वाटलं. तात्यांनी फळा ओल्या फडक्यानं पुसला, वाळू दिला, आणि रंगीत खडूनं चौकट काढून लिहिलं: 'विलायतेतील थोर गिटारवादक, आपल्या सर्वांचे लाडके आबा यांना भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल, आबाप्रेमी मंडळ.' खाली एक गिटार काढली. ती थोडी तंबोऱ्यासारखी झाली होती.

दूध घालून परत चाललेली एक म्हातारी फळ्यासमोर थांबली.

"कुनाचं आबा गेलं ओ?"

"विलायतेतलं, मावशी."

"अगं बाई. शुगर हुती काय?"

"ठावं न्हाय."

"पोरंबाळं?"

"आमीच की," तात्या म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला.

दादा संध्याकाळी कामावरून आला. फळा वाचला. तसाच पुढं झाला आणि शर्टाच्या बाहीनं सगळं पुसायला लागला. तात्या धावले.

"आरं ए! श्रद्धांजली पुसत्यात व्हय?"

"बघितलंय का कुनी मेलेलं?"

"मुबारकनं सांगितलं."

"मुबारकनं बघितलंय?"

"मेलेलं बघाय आता मी विलायतेला जाऊ? पंक्चरची गिऱ्हाइकं सोडून?"

लोक हसले. दादा हसला नाही. त्याचा हात फळ्यावरच होता. तात्याही रागात होते, त्यांचं अक्षर पुसलं गेलं होतं. ते म्हणाले, "एवढंच हाय तर जा की गोव्याला. थितं ढिगानं गोरी पडल्यात समुद्राकडंला. त्यास्नी इचार, आमचा आबा मेला का जित्ता हाय. ईस्टीनं जा, खिडकीजवळ बस."

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो असेन.

दुसऱ्या दिवशी दादा खरंच गेला. मी भूगोलाचे नकाशे भरत बसलो होतो. त्यानं कॅसेट पिशवीत टाकली, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "अभ्यास कर. खरं काय ते इचारून येतो." जिन्यावरून उतरताना शीळ घालत होता, आबांचीच. तो आलाच नाही.

पहिल्या पेपराच्या दिवशी मी आणि तात्या गोव्यात होतो. खोलीत हॉल तिकीट पडून राहिलं. तात्या स्वतःहून माझ्याबरोबर आले होते. दुकानाला कुलूप, डोक्याला टोपी, काखेत वहाणा, पायाखाली ती गरम वाळू. एका हातात त्यांनी दादाचा फोटो धरला होता आणि दुसऱ्या हातात भिंतीवरून काढलेलं आबांचं पान. कॅसेट घेऊन फिरणाऱ्या पोराला कुणी बघितलं असेल तर पान बघून आठवेल, असा त्यांचा हिशोब. दिसेल त्या गोऱ्या माणसासमोर ते दोन्ही धरायचे. आबांना सगळे ओळखत होते. आबांचं पान बघितलं की लोकांचे चेहरे उजळायचे. एका उघड्याबंब गोऱ्या म्हाताऱ्यानं तर ते पान कपाळाला लावलं आणि डोळे पुसत तात्यांना खूप काही सांगितलं. दादाला मात्र कुणीच ओळखत नव्हतं. त्याच्या फोटोवरून त्यांची नजर घसरून पुन्हा आबांकडे जायची.

मी म्हणालो, "तात्या, ह्याला विचारू या का, आबा खरंच..."

"आबाचं ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "आबाला बघनारं जग पडलंय. आपला बघ."

ज्या प्रश्नासाठी दादा गेला त्याचं उत्तर आमच्यासमोर चड्डीवर उभं होतं. आम्ही ते विचारलं नाही. या गोष्टीनं मी अजून मध्येच दचकतो.

पोलिसांत नाव दिलं. एक कंडक्टर म्हणाला, असा पोरगा गोव्याच्या हद्दीवर, बांद्याला उतरला. दुसरा म्हणाला, पणजीपर्यंत होता, खिडकीजवळ. दवाखाने झाले, स्टेशनं झाली. नको तिथंही, शवागारांतही, जाऊन आलो. तिथं तात्या आधी आत जायचे, मला बाहेर थांबवायचे आणि बाहेर येऊन नुसती मान हलवायचे. परतीच्या गाडीत ते एकदाच बोलले. "मी ग्वाड बोललो असतो तर?"   थट्टेत बोललेलं वाक्य. पेठेत रोज असली शंभर वाक्यं बोलली जातात आणि माणसं संध्याकाळी घरी येतात.

ऑक्टोबरला बस, असं सगळे म्हणाले. मी बसलो नाही. पुस्तक उघडलं की जिन्यावर पावलं ऐकू यायची. मग तात्यांनीच ओळखीनं मला एका वाइंडिंगच्या दुकानात लावलं. हात अडकला की डोकं थोडं थांबतं, एवढं त्यांना माहीत होतं. कामावर जायच्या आधी ते मला दुकानासमोर उभं करून चहा पाजायचे. चहा संपेपर्यंत दोघंही गोव्याच्या बाजूनं येणाऱ्या रस्त्याकडं बघत असायचो आणि फुटबॉलबद्दल बोलायचो.

आबांची मंडळी मोडली नाही, उलट वाढली. दर मार्चला मुबारकभाईंच्या दुकानात सगळे जमायचे. कॅसेट लागायची, चहा व्हायचा. कॉलेजची नवी पोरं यायची. त्यातला एक जण गिटार शिकला आणि आबांचा एक तुकडा अडखळत वाजवायला लागला. फळा मात्र त्यासाठी पुन्हा कुणी लिहिला नाही. तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं की आपण एका माणसाचं दुःख करायला आलोय आणि दुसऱ्याची वाट बघतोय. त्यातला कोण कुठला, हे मला कधीकधी कळायचं नाही.

पुढं पेठेत इंटरनेटचा कॅफे निघाला. त्या गिटारवाल्या पोरानं शोधून काढलं. एके दुपारी मला दुकानातून ओढत नेलं आणि पडद्याकडं बोट केलं. पांढऱ्या केसांचा, पुढं टक्कल पडलेला, पोट सुटलेला एक म्हातारा. नाकावर चष्मा. पण गिटार मांडीवर ओढून घ्यायची रीत तीच, मिटलेले डोळे तेच. त्याच महिन्यात कुठल्यातरी शहरात त्यांचा कार्यक्रम झाला होता. आबा कधी मेलेच नव्हते. आम्ही इतकी वर्षं एका जिवंत माणसाचं श्राद्ध घालत होतो.

मी धावत तात्यांकडं गेलो. सांगितलं. ते टायरमध्ये हवा भरत होते. पंप तसाच हातात धरून खाली बसले.

"जित्ता हाय?"

"व्हय. टक्कल पडलंय."

"म्हंजे दिलप्या खरं बोलत हुता," ते म्हणाले. मग उठले, फडकं ओलं केलं आणि जाऊन फळा पुसला. त्याच्यावर त्या दिवशी फक्त पाण्याची वेळ लिहिलेली होती. ती पुसली आणि घासत राहिले. त्या संध्याकाळी नळाला पाणी कधी आलं ते निम्म्या पेठेला कळलं नाही.

तेव्हापासून तात्यांनी नियमच केला. स्वतः जाऊन बघितल्याशिवाय कुणाचीही श्रद्धांजली लिहायची नाही. लोक चिडायचे. "तात्या, मढं उघडून दाखवू व्हय?" ते म्हणायचे, "दाखव की." आणि खरंच जाऊन, टोपी काढून, बघून यायचे.

मामा मुरगूडला आमच्या घरी आले ते त्यानंतर. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न जमत नव्हतं. येणारे पाहुणे विचारायचे, थोरला कुठं असतो? आम्ही 'बाहेर' म्हणायचो. पाहुणे चहा पिऊन उठायचे. मामा म्हणाले, सात वर्षं झाली, आता कायदासुद्धा गेला म्हणतो. दर्भाचा पुतळा करू, विधी करू, पेठेतल्या फळ्यावर लिहू, एकदाचं सगळ्यांना कळू दे. आई नुसती ऐकत होती. मलाही, खरं सांगतो, त्या दिवशी वाटलं की होऊन जाऊ दे. वाट बघून माणूस आतून झिजतो. कुणीतरी एकदाचं लिहून टाकावं आणि मला झोप लागावी.

मामा मला घेऊन पेठेतल्या चौकात आले. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पावनं, बघितलंय का कुनी?"

"आवं, सात वर्सं झाली!"

"वर्सं मोजून मानूस मरत न्हाय. एक जित्ता मानूस मी ह्या हातानं मारलाय. त्येच्यापायी दुसरा गेला. आता न्हाय."

"पोरीचं लगीन अडलंय ओ. तुमच्या पाया पडतो."

"लग्नात मी राबतो. पाहुण्यास्नी मी सांगतो थोरला कसा हुता. लिहीत मातूर न्हाय." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तू सांग. लिहू?"

सगळा चौक माझ्याकडं बघत होता.  मी फक्त मान हलवली. नाही म्हणून. दमलेला माणूस होय म्हणायला किती जवळ आलेला असतो, ते त्या दिवशी मला कळलं. तात्यांनी आधी नाही म्हटलं होतं, म्हणून मला म्हणता आलं.

ही गोष्ट मुरगूडला आईच्या कानावर गेली. त्या दिवसापासून तिनं विधीचं नाव कुणाला काढू दिलं नाही. पुढं बहिणीचं लग्न झालं. तात्या शब्दाप्रमाणं येऊन पंगतीत वाढत होते. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून दादाचं नाव छापलं, जिवंत माणसाचं छापतात तसं.

मग मी इकडं मस्कतला आलो. दर सुट्टीला गोव्याचं विमान धरतो. आधी तिथं उतरतो, किनाऱ्यानं फिरतो, मग मुरगूड. आई विचारत नाही, उशीर का झाला. जेवायला वाढते आणि माझ्या तोंडाकडं बघते.

गेल्या मार्चमध्ये आबा इथं आले. मैदानावर स्टेज, आणि जनरेटरचं काम आमच्या वर्कशॉपकडं. माझी ड्यूटी स्टेजच्या बाजूला, मशीनशेजारी. तिथून आबांची पाठ दिसत होती आणि समोरची सगळी माणसं. ज्या माणसासाठी आमचं घर असं झालं, तो माझ्यापासून हाकेवर उभा होता, आणि मी त्याच्याकडं बघत नव्हतो. दादा जगात कुठंही असेल तर आज इथं येईल, असं मला वाटत होतं. दिवे फिरत होते. पांढऱ्या केसांची गोरी माणसं लहान मुलांसारखी रडत होती. मागं कुंपणाला आपल्याकडचे कामगार लटकले होते. मी एकेक कपाळ बघत होतो. दादाच्या डाव्या भुवईवर लेथवरची लोखंडाची गरम कपची उडून भाजल्याचा डाग आहे.

मी तात्यांना फोन लावला.

"तात्या, आबा वाजवायलाय! ऐका!"

"काय ऐकू? जनरेटर धडधडायलाय नुसता."

केबली ओलांडत पुढं सरकलो, फोन डोक्यावर धरला. पुन्हा कानाला लावला तेव्हा तात्या ऐकत होते. मग म्हणाले, "आलं, आलं. आबा थकला रं. पयल्यावानी चकवत न्हाय." आणि लगेच, "तू हिकडं का बोलायलाईस? मानसं बघ."

"तेच करतोय."

"दाढी राखली असंल. टक्कल पडलं असंल. आबाला रस्त्यात वळखला असतास का? तसं बघ. मागची बी बघ."

मागची बघितली. कुंपणाजवळ एक जण डोळे मिटून मान हलवत होता, अगदी दादासारखी. मी पळत गेलो. जवळून बघितलं. दुसराच होता. तो मला बघून हसला, आणि माझ्या खांद्यावर हात टाकून त्याच्या भाषेत गायला लागला. मी तसाच उभा राहिलो.

तात्या आता थकलेत. हात कापतो, फळा दुसरं कुणी लिहितं. परवा फोनवर म्हणाले, "माझं काय न्हाय रं. खरं दिलप्याचं कळल्याबिगर जायला नगो वाटतंय." मी विषय बदलला. 

तात्या, गोव्याच्या त्या वाळूत तुम्ही माझ्यापुढं चाललात आणि नको त्या दारांतून माझ्याआधी आत गेलात. ते मी फेडणार आहे. दादा भेटला तर त्याला तुमच्या दुकानासमोर आणून उभा करीन. नाही भेटला तर त्याचं जे काही झालं असेल ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून येईन आणि तुमच्यासमोर बसून सांगीन, आईच्या आधी तुम्हाला. मला वेळ लागेल. तोवर तुम्ही राहा.